शब्दचर्चा: वर चढत जाणाऱ्या वंशावळीला काय म्हणावं?

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन जर्मन घराण्यातली. माहेरचं नाव सोफी, आनहाल्ट-त्सेर्ब्स्टची राजकन्या, जन्म १७२९. तिच्या पूर्वजांबद्दल लिहिताना 'आनेनटाफेल' या जर्मन शब्दाशी अडले आहे. आनेन म्हणजे पूर्वज, टाफेल म्हणजे तक्ता. त्यात सोफी १, वडील २, आई ३. पुढे कुणाच्याही वडिलांचा आकडा त्याच्या दुप्पट, आईचा त्याहून एक जास्त. 'वंशावळ' लिहिलं की आपण मूळ पुरुषापासून खाली उतरतो, तेही मुलग्यांच्या अंगाने. इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पाचवी: वडिलांची आई, क्रिस्टीने एलेओनोरे फॉन त्सॉइच. राजकुळातली नव्हे, साध्या सरदार घराण्यातली. वंशावळीत ती 'अमक्याची बायको' होऊन कोपऱ्यात जाते. शब्द सुचवा.

'कुर्सीनामा' घ्या की! जुना, रुळलेला शब्द आहे.

कुर्सीनामा वतनाच्या, वारसाच्या कामी काढायचे. तोही वरून खालीच येतो, त्यामुळे अडचण तशीच राहते. वर चढायची रीत मात्र आपल्याकडे आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आईचे वडील, आजोबा, पणजोबा अशी मातामहत्रयीही घेतात. म्हणून मी 'पूर्वजपट' म्हणेन. पट डोळ्यांपुढे पसरता येतो आणि त्यात आईकडच्यांना तितकीच जागा मिळते.

पूर्वजपट घेते. आता दुसरी शंका. पटावरचा बारावा, होल्स्टाइन-गॉटॉर्पचा ड्यूक क्रिस्टियान आल्ब्रेख्ट, सोफीच्या आईचा आजोबा. तोच तिच्या नवऱ्याचा, तिसऱ्या पीटरचा, पणजोबा. इंग्रजी पुस्तकं 'सेकंड कझिन' म्हणतात. मी कच्च्या खर्ड्यात 'दूरचा नातलग' लिहिलं होतं.

ते खोडा. पीटरचे वडील आणि सोफीची आई सख्ख्या भावांची मुलं, म्हणजे चुलत बहीणभाऊ. मग पीटरचे वडील सोफीचे चुलतमामा झाले आणि पीटर चुलत मामेभाऊ. कोणाच्या बाजूने, कोणत्या पिढीत, सगळं त्या दोन शब्दांत येतं. १७४५ साली सोफीचं लग्न झालं ते आईच्या माहेरच्याच कुळात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही.