मदत हवी आहे: ब्रीडर सामोयेड जातीच्या कुत्र्यांचा शो जज कसा होतो?
नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. पंधरा वर्षं लॅब्राडोरची ब्रीडिंग केली, आता सामोयेडचा शो जज व्हायचं डोक्यात आहे. एफसीआय या श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं या जातीचं स्टँडर्ड पाठ आहे: नराची आदर्श उंची 57 सेंमी, मादीची 53, तीन सेंमी इकडेतिकडे चालतं. पण पुण्याच्या शोमध्ये जजबाईंनी आयाळीत मनगटापर्यंत बोटं खुपसून खांदा चाचपला, ते कागदावरून कसं शिकणार? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर. सायबेरियाचं हे केसाळ कुत्रं इथे पाळणं मलाच पटत नाही. मग हात कुठे बसवायचा? रिंग स्टुअर्ड, म्हणजे रिंगमध्ये जजचा मदतनीस म्हणून उभं राहिलं तर नजर तयार होते का? अर्ज थेट चेन्नईला, केनेल क्लब ऑफ इंडियाकडे करायचा, की आधी जवळच्या क्लबातून? जळगाव-धुळ्याकडचं कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा, शेवभाजी माझ्याकडून.