विषय: भाच्यासाठी जुनी मोटारसायकल, कोल्हापूर पासिंग

मंडळी, नमस्कार.

माझा भाचा शिवाजी विद्यापीठात शिकतो. त्याने २०१८ चं मॉडेल बघून ठेवलंय, पैसे मी लेस्टरहून पाठवणार आहे. इथं गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, करावी लागते, आणि नंबर टाकला की पास-नापास, त्या वेळचं किलोमीटरचं रीडिंग, सगळं फुकट दिसतं. कोल्हापुरात असं काही बघता येतं का? गाडीवाला म्हणतो, "कागद क्लिअर आहेत." एवढ्यावर पैसे पाठवू का?

---

ताई,

पैसे आत्ता पाठवू नका.

एमओटीसारखं आपल्याकडं काही नाही. खासगी दुचाकी पहिली १५ वर्षं तपासणीला न्यावीच लागत नाही. पुढं नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवायची असली की आरटीओत दाखवायची. पीयूसीत फक्त धूर मोजतात. त्यामुळं रीडिंग खरं की फिरवलेलं, हे कळायला मालकाकडून सर्व्हिसिंगची जुनी जॉबकार्डं मागायची. एकही नसेल तर त्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

आणि पहिला प्रश्न हा विचारायचा: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला गाडी कुठं उभी होती? शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, पंचगंगेचं पाणी कुठं कुठं शिरलं ते आठवा. माझ्या धाकट्या भावानं २०२० मध्ये घेतलेली गाडी अशीच पुरातली निघाली. रंग नवा, सीट नवी, कागद स्वच्छ. दोन महिन्यांत लाइट जायला लागले. मेस्त्रींनी हेडलाइट उघडला तर आतल्या वाटीत वाळून पापुद्रे धरलेला गाळ, आणि वायरींच्या जोडाच्या पिना हिरव्या पडलेल्या. शेवटी सगळं वायरिंग बदलावं लागलं. पूर कुठल्याच कागदावर दिसत नाही, म्हणून हेडलाइट आणि एअर फिल्टरचा डबा उघडून बघितल्याशिवाय सौदा करू नये.

कागदांचं म्हणाल तर एमपरिवहन अ‍ॅपवर एमएच ०९ पासून पूर्ण नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, फायनान्स कुणाचा, हे दिसतं. हँडलच्या मानेवर ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवायचा. तिथं घासल्याची खूण दिसली तर तिथनंच परत फिरायचं. चलनं राज्याच्या ई-चलन साइटवर वेगळी बघावी लागतात. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, तेव्हा एचएसआरपी, म्हणजे ती जास्त सुरक्षित नंबर पाटी, बसवलीय का तेही बघा.

व्यवहार झाला की गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करायची. "नंतर करू" म्हणणाऱ्याला सांगा की अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. ऐकतील. विमाही भाच्याच्या नावावर वळवून घ्या.

आपला,
मंगळवार पेठेतला दादा

---

दादा,

बरं झालं विचारलं. अ‍ॅपवर अजून बँकेचं नाव दिसतंय. गाडीवाला म्हणतो, हप्ते केव्हाच फिटले, बोजा उतरवायचा राहून गेला. त्याला सांगितलंय, आधी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ द्या, मगच पैसे. रविवारी भाचा मेस्त्रींना घेऊन हेडलाइट उघडायला जातोय. जे निघेल ते इथंच कळवते.