अनुभव धागा : नाव विचारायचं राहून गेलं

मंडळी, एका माणसाला शोधायचं आहे म्हणून हा धागा काढते आहे. तुमचा धंदा उभा राहताना असाच कुणी अनोळखी माणूस मदतीला आला असेल आणि नंतर सापडला नसेल, तर तुम्हीही लिहा. टपरी असो की गिरणी. गाव, साल, खूण, आठवेल ते लिहा. फोन नंबर मात्र इथं टाकू नका.

आधी माझं सांगते. मी नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातली. २०११ च्या उन्हाळ्यात मिरचीच्या सातऱ्यावर मुकट्या तोडायला जायची. ज्यांनी सातरा पाहिला नाही त्यांना सांगते, मोकळ्या जागेत लाल मिरचीचे ढीग असतात, भोवती बाया बसतात आणि एकेका मिरचीचा देठ हातानं खुडतात. तो देठ म्हणजे मुकटी. मजुरी किलोवर. संध्याकाळी बोटं अशी जळायची की लेकराला जवळ घ्यायची भीती वाटायची. ते रडायचं आणि मी गंजातल्या (पातेल्यातल्या) थंड पाण्यात हात बुडवून बसायची.

एक दिवस माल भरायला टेम्पो आला. सोबत पन्नाशीचा एक माणूस होता. खांद्यावर हिरवा दुपट्टा आणि एका अंगठ्याचं नख अर्धंच. मी शेजारच्या बाईला म्हणत होते, याच मिरचीचं तिखट करून विकलं तर मजुरीपेक्षा किती तरी जास्त सुटेल, पण पोत्याला पैसे कुठून आणू? त्यानं ते ऐकलं. जवळ येऊन विचारलं, "कुठी कांडशीन?"

म्हटलं, गावात मिरची कांडायचा डंका आहे. दोन उन्हं देईन, एक मुकटी राहू देणार नाही, रंग घालणार नाही.

त्यानं सातऱ्याच्या मालकाला खिशातून चोवीसशे रुपये मोजून दिले आणि पोतं माझ्या बाजूला सरकवलं. "घेऊन जाय बाई. इकलं का पैसे देजो. मी येतोच."

तो आला नाही. तिखट बारा दिवसांत विकलं गेलं. पैसे डब्यात ठेवून मी रोज सातऱ्यावर जात राहिले, तोवर मृग लागला आणि सातरा उठला. मालकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. टेम्पोचा नंबर एमएच ३६ पासून सुरू होता, म्हणजे भंडारा जिल्हा, एवढंच आठवतं. आज माझ्याकडे दोन डंके आहेत, सहा बाया कामाला आहेत. चोवीसशे रुपये अजून वेगळे ठेवलेले आहेत. नोटबंदीत त्यातल्या पाचशेच्या नोटा बदलून आणल्या आणि परत त्याच डब्यात ठेवल्या.

वरुडहून

ताई, माझा माणूस शेंदुरजनाघाटचा. निदान भेटला तरी तिथंच. आमची पहिली संत्र्याची बाग डिंक्यानं गेली. झाडाच्या बुडातून डिंक गळायचा, साल सडायची. पुन्हा कलमं घ्यायला नर्सरीत गेलो, तर कलमं बांधणारा एक मजूर विचारू लागला, "आधीची कशी लावली होती?" मी सांगितलं. त्यानं हातातलं काम ठेवलं. जंबेरीच्या, म्हणजे आंबट लिंबाच्या जातीच्या, रोपावर संत्र्याचा डोळा कुठं भरलाय ते बोटानं दाखवलं आणि म्हणाला, "हा सांधा मातीत गाडला का झाड गेलंच समजा. जमिनीपासून ईतभर वर राहू द्या, बुडाशी पाणी साचू देऊ नका." मग मला समोर बसवून डोळा काढायला शिकवलं. सालीत उलट्या टी सारखी चीर द्यायची, डोळा खालून वर सरकवायचा, पट्टी बांधताना डोळा झाकायचा नाही. माझे पहिले वीस डोळे वाळले. एकविसाव्याला तो म्हणाला, आता जमलं. दिवसभराची त्याची मजुरी माझ्यापायी बुडाली असणार. आज माझी स्वतःची नर्सरी आहे. पुढच्या वर्षी गेलो, तर तो मध्य प्रदेशात कामाला गेला म्हणाले. पांढुर्ण्यापर्यंत विचारून आलो.

दारव्ह्याहून

मी शकुंतलेत, म्हणजे आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या रेल्वेत, उकडलेल्या शेंगा विकायचो, मुठीनं. मूर्तिजापूरकडं जाणाऱ्या एका काकांनी एकदा पितळी तागडी आणून दिली. "मुठीवर गिऱ्हाईक भांडते, मापावर टिकते." तागडी माझ्या किराणा दुकानात अजून टांगलेली आहे. काका त्या गाडीलाच भेटायचे. आता गाडीच नाही, तर शोधू कुठं?

वडशाजवळून

मला माझा माणूस सापडला, म्हणून लिहिते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असते. २०१६ मध्ये मी मंडईत आलूबोंड्याचं दुकान पहिल्यांदाच लावणार होते. बेसन-तेलासाठी साठवलेल्या सगळ्या नोटा पाचशेच्या, आणि ८ नोव्हेंबरला रात्री त्या बंद झाल्या. दुकानदार हात लावेना. नाटकाच्या पार्टीतला एक पेटी वाजवणारा मागं उभा होता. त्यानं माझ्या सहा नोटा घेतल्या आणि शंभराच्या तीस दिल्या. मी गर्दीत धड पाहिलंही नाही त्याच्याकडं.

नंतर दरवर्षी वडशाला नाटक कंपन्यांच्या ऑफिसात जाऊन विचारायची. तिसऱ्या वर्षी भेटले. त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या बायकोला मात्र चांगलं आठवत होतं. त्या म्हणाल्या, "त्या नोटा भरायले तीनदा बँकेच्या रांगेत उभी मीच होती. तिसऱ्या खेपेले चक्कर येऊन पडली." माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी इतकी वर्षं त्यांना शोधत होते, आणि त्या बाईंचा विचारही मनात आला नव्हता. आता दर मंडईला पहिला घाणा त्यांच्या घरी जातो.

वर्ध्याहून

मी एसटीत वाहक होतो. आर्वीच्या बाजूची एक मुलगी भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीला यायची. कुणी चढू देत नसे. मी टपावर चढवून द्यायचो, उतरवून द्यायचो. पुढं तिनं ठोक भाजीचा धंदा केला असं ऐकलं. ती मला शोधत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. हा धागा वाचून दोन दिवस झोप नाही. बाई, तू वाचत असशील तर एवढंच सांग, बरी आहेस ना?

पवनीहून

कुहीच्या ताईंसाठी. आमच्या पवनीत मिरची भरणारे एक काका होते, हिरवा दुपट्टा कायम खांद्यावर. अंगठ्याचंही तसंच काहीसं होतं, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. बऱ्याच वर्षांत दिसले नाहीत. त्यांचा मुलगा बाजारात हमालीला येतो. सकाळी त्याला विचारू का?

धागा काढणारी

दादा, विचारा. पैशाचं आधी काढू नका. मिरची भरताना बाबा कोणता टेम्पो वापरायचे ते विचारा, आणि नख कोणत्या हाताचं अर्धं होतं ते विचारा. ते मी वर मुद्दाम लिहिलं नाही. त्यानं बरोबर सांगितलं, तर मी पहिल्या एसटीनं पवनीला येते.