मदत हवी आहे: बाबांना सोळाचा पाढा येतो, 'चहा' म्हणता येत नाही

तलावपाळी_ताई:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बाबांना (वय ७१) गणपतीनंतर पॅरालिसिसचा झटका आला. डिस्चार्ज कार्डावर 'डावी मिडल सेरेब्रल आर्टरी' आणि 'ब्रोकाज अफेजिया' एवढंच. डॉक्टर "येईल हळूहळू" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सध्या ते माझ्याकडे ठाण्यात नौपाड्यात आहेत. उजवा हात बराच सुधारलाय, काठी घेऊन मासुंदा तलावाला अर्धी फेरी होते. बोलणं मात्र अडलंय ते अडलंयच.

परवा माझ्याकडे बघून म्हणाले, "किल्ली". चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळलं. मान हलवली, जोर लावला, पुन्हा "कि... किल्ली". शेवटी कपाळावर हात मारून घेतला. मांडीवर पेपर उघडा होता, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. चष्मा हवा होता.

आणि हाच माणूस संध्याकाळी माझ्या मुलाबरोबर सोळाचा पाढा एकशे साठपर्यंत न अडखळता म्हणतो! विकेट पडली की शिवीसुद्धा खणखणीत.

दादा रोज कळव्याहून येतो. त्याचं म्हणणं, "पाढे येतात, शिव्या येतात, म्हणजे जीभ ठीक आहे. मनावर घेत नाहीत, तू लाड करतेस." मग "नीट मागा, तरच चहा" सुरू होतं. मला बघवत नाही, पण त्याला उत्तर काय देऊ? शेजारच्या काकू तर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडतात.

पाढा येतो नि चहा येत नाही, हे कसं? आमचं त्यांना कळतं का? आणि मराठीत थेरपी देणारं कुणी कसं शोधायचं?

वाशीची_वाचा:

स्पीच थेरपिस्ट आहे. न बघता निदान करणार नाही, पण दादांसाठी लिहिते.

जीभ ठीक आहे हे त्यांचं बरोबर दिसतंय. चूक त्याच्या पुढे आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी बारावी जिभेला जाते, सातवी चेहऱ्याला, दहावीच्या फांद्या स्वरयंत्राला. या नसा किंवा त्यांना हुकूम पोचवणारी वाट बिघडली की उच्चार जड, बोबडे होतात, पण शब्द बरोबर असतो. त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. बाबांचं उलट झालंय. 'किल्ली' स्वच्छ आली, शब्दच दुसरा. हा वाचाघात, म्हणजे अफेजिया. गिरणी चालू आहे, पोत्यातला दाणाच जात्यापर्यंत येत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत हे काम डाव्या मेंदूत चालतं. ब्रोकाची जागा डाव्या कपाळामागे, खालच्या अंगाला. उजवा हात हलवणारा पट्टा तिच्या जवळच, थोडा मागे, आणि दोन्हींना रक्त कार्डावरच्या त्याच आर्टरीचं, म्हणजे धमनीचं. म्हणून हात आणि वाचा एकदम गेली. पॅरिसमध्ये पॉल ब्रोकांनी १८६१ साली ज्या पेशंटवरून ही जागा दाखवली, तो काहीही विचारलं तरी 'तान' एवढंच म्हणायचा. संतापला की मात्र शिवी द्यायचा. दादांना हे जरूर सांगा.

पाढे, आरत्या, शिव्या आपण शब्द शोधून बोलत नाही. घोकून घोकून त्याची माळ झालेली असते, पहिला मणी ओढला की बाकीचे येतात. त्यात उजवा मेंदू आणि बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजकेही हातभार लावतात असं मानतात. 'चहा' मात्र दर वेळी शोधूनच काढावा लागतो. तेव्हा "नीट मागा" आजपासून बंद. मागता येत नाही हाच तर आजार आहे.

समज या प्रकारात बरीच शाबूत असते, आणि स्वतःची चूक ओळखतात ही चांगली खूण. पण "दादाला ताईने फोन केला" यात कुणी कुणाला केला, इथे गोंधळ होऊ शकतो. वाक्यं लहान ठेवा. ओरडू नका, कान ठीक आहेत. "काय हवंय?" विचारण्यापेक्षा कप आणि तांब्या दोन्ही समोर धरा.

थेरपिस्टची आरसीआय (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी बघूनच जा. वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटललाही विभाग आहे. शब्द सुरात म्हणून डाव्या हाताने ताल धरायची एक पद्धत १९७३ पासून आहे, तिच्याबद्दल विचारा.

कोपरीकर:

थोडी भर. त्या 'तान'चा मेंदू पॅरिसात जपून ठेवलाय. २००७ मध्ये त्याचं एमआरआय स्कॅनिंग प्रसिद्ध झालं, तर इजा ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल निघाली, आतल्या जोडणाऱ्या तंतूंपर्यंत. तेव्हा कार्डावरच्या एका नावावरून किती सुधारेल याचं गणित मांडू नका.

तलावपाळी_ताई:

वाशीताई, कोपरीकर, खूप आभार. नायरला फोन केलाय, पुढच्या गुरुवारी बोलावलंय.

दादाला सगळं वाचून दाखवलं. शिवीपाशी जरा हसला, बाकी काही बोलला नाही. रात्री तोच वाढत होता. "बाबा, पोळ्या किती?" बाबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "एक... दोन... तीन." तीनवर थांबले. दादाने तीन वाढल्या.