ट्रम्पेटच्या बेलवर ‘कमिटी’ कोरलंय म्हणून पैसे मोजू नका

तिसरी_स्लाइड
काल इथं एकानं जुना ट्रम्पेट घेणाऱ्यांना सल्ला दिला: “बेलवर (पुढच्या भोंग्यावर) ‘मार्टिन कमिटी’ आणि दुसऱ्या व्हॉल्वच्या केसिंगवर (पिस्टन बसतो त्या नळकांड्यावर) सिरीयल नंबर दिसला की डोळे मिटून घ्या. जॅझवादक माइल्स डेव्हिस हाच वाजवायचा.” कुणी खरंच डोळे मिटून घेण्याआधी लिहितो.

‘हाच’ म्हणजे कुठला? कमिटी हे मार्टिन कंपनीचं मॉडेल. तीसच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या एल्खार्टमध्ये सुरू झालेला कमिटी वेगळा. 1961 नंतरचा आरएमसी कंपनीच्या शिक्क्याचा वेगळा. 1964 ला मार्टिन वुर्लिट्झर कंपनीकडे गेली, 1971 ला लेब्लां कंपनीकडे, आणि लेब्लांचं टी3460 मॉडेल तर आणखी वेगळा. माइल्सचे शेवटच्या वर्षांतले काळे-निळे-लाल बाजे याच लेब्लांच्या काळातले. मग त्याच्या नावानं चाळीसच्या दशकातल्या बाज्याची किंमत का चढवता?

नंबरही फक्त केसिंगची ओळख देतो. बेल बदललेली असू शकते, लीडपाइप (माउथपीस बसतो ती नळी) तर हमखास.

बेलकर्व्ह
सुरुवात नावानं करण्यात चूक काय? मार्टिनचेच इंडियाना आणि इम्पीरियल ‘कमिटीसारखेच’ म्हणून विकले जातात. तिथं पहिली चाळणी नावाचीच. पुढचं काम बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, करतो. टी3460 या नावातच 0.460 इंच बोअर आहे. व्हर्नियर लावा, दोन मिनिटांत निकाल.

तिसरी_स्लाइड
व्हर्नियरनं? 0.460 इंच म्हणजे 11.68 मिमी. बाख कंपनीचा एमएल बोअर 0.459, म्हणजे 11.66. फरक जेमतेम अडीच शतांश मिलिमीटर. व्हर्नियरचे जबडे नळीच्या तोंडाशीच टेकतात आणि तिथं कड दबलेली किंवा झिजलेली असते. दुसऱ्या व्हॉल्वच्या स्लाइडच्या (ओढून काढता येणाऱ्या नळीच्या) आतल्या नळीत पिन गेज (नेमक्या जाडीची मापाची सळई) सरकवून मापा, तेही तोंडापासून थोडं आत. एवढं करूनही फक्त बोअर कळेल. या दोन बाज्यांना वेगळं करतो तो लीडपाइपचा आणि बेलचा उतार (नळी रुंदावत जाते तो आकार), बोअर नव्हे.

बेलकर्व्ह
मग वाजवून बघा. कमिटीचा तो गडद, पसरणारा आवाज लपत नाही.

पितळी_पोचा
लपतो, आणि खोटाही निघतो. व्हॉल्वमधले फेल्ट आणि कॉर्क दबले की पिस्टनची भोकं नळ्यांसमोर नीट येत नाहीत, आणि कुठलाही बाजा मंद, ‘गडद’ वाजतो. दुसरी स्लाइड काढून, पिस्टन दाबून टॉर्च मारा. भोकाच्या कडेला चंद्रकोर दिसली की आधी फेल्ट बदला, मग आवाजाबद्दल बोला. झीज बघायची तर व्हॉल्व न दाबता स्लाइड थोडी ओढा, दोन-तीन सेकंद थांबा, मग व्हॉल्व दाबा. ‘टप्’ झालं तर पिस्टन हवा धरतोय. मात्र जाड तेल घातलेला बाजाही टप् करतो, म्हणून आधी पुसून पातळ तेल घाला.

पण खरा घात बफ (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं) करतो. लग्नाच्या बँडमधून फिरलेल्या बाज्यांवर इतकं बफिंग झालेलं असतं की कोरीव काम विरघळल्यासारखं दिसतं. ब्रेसच्या (नळ्यांना जोडणाऱ्या आधाराच्या) पायाची कड गोल, सिरीयलचे आकडे उथळ, आणि झिजलेल्या जागेवर नवं लॅकर (पारदर्शक लेप): ही तीन लक्षणं एकत्र दिसली की ओळखायला काही उरलं नाही असं समजा.

बेलकर्व्ह
काळवंडलेलं पितळ तसंच ठेवायचं का? बाजा वाजवायला आहे, संग्रहालयात ठेवायला नाही. बफ मारून लॅकर केलं तर बिघडतं काय?

पितळी_पोचा
पत्रा जातो, साहेब! बेलचा पत्रा मुळातच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चाक सगळ्यात जास्त खातं ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला, आणि तिथला पत्रा वाकवताना आधीच ताणलेला असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, आत लवचिक ब्रश, एवढं पुरे. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर काढायचंच असेल तर ॲसिटोननं निघतं, तेही उघड्या हवेत, ज्योतीपासून लांब. भाजलेलं इपॉक्सी त्यानं निघत नाही. म्हणून लोक चाकावर धरतात, आणि तिथंच नुकसान होतं.

तिसरी_स्लाइड
लीडपाइपवरचे गुलाबी ठिपकेही बफनं घालवतात! टाचणीच्या डोक्याएवढा, मधे काळा बिंदू असलेला ठिपका म्हणजे जस्त गेलंय आणि स्पंजासारखं तांबं उरलंय. ते आतून बाहेर येतं, वरून घासून जात नाही. मुख्य स्लाइड काढून त्या टोकातून आत बघा. आणि बदली म्हणून बाखची 25 नंबरची पाइप डाग देऊन (सोल्डरनं जोडून) बसवलीत, तर कमिटीचा उतारच गेला.

बेलकर्व्ह
बफचं मान्य करतो, पत्र्याच्या जाडीचा मी विचार केला नव्हता. पण सगळेच बाजे कमिटीसारखे संशयास्पद नसतात. कॉन कंपनीची कॉप्रियन बेल घ्या. तांबं विजेनं साच्यावर चढवून केलेली, म्हणून तिला शिवणच नाही. पितळी बेलला लांबीच्या दिशेनं जोडाची बारीक रेघ सापडते. तिथं एका नजरेत निकाल लागतो.

पितळी_पोचा
लागतो, पण मुलामा नसेल तरच. निकेल किंवा चांदी चढली की बाहेरून रेघ दिसत नाही. बेलच्या तोंडातून आत तिरपा उजेड टाका आणि बोटानं चाचपत जा.