मदत हवी आहे: टॉमकॅट 9 मध्ये फॉर्ममधून आलेलं मराठी बिघडतंय

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची पुस्तकनोंदणी टॉमकॅट 9 या जावा वेब सर्व्हरवर चालते, मागे मायएसक्यूएल डेटाबेस आहे. शोधखिडकीत 'ज्ञानेश्वरी' टाकलं की नीट सापडते, पण नवीन पुस्तकाचा फॉर्म भरून जतन केला की एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं उमटतात.

शोध गेट विनंतीने (शब्द यूआरएलमध्येच घालून) जातो आणि टॉमकॅट 8 पासून यूआरएलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) मुळातच यूटीएफ-8, म्हणजे मराठी चालणारं, असतं, म्हणून तो चालतो. फॉर्म जतन करताना जाणाऱ्या पोस्ट विनंतीचा मजकूर मात्र वेगळं सांगितलं नाही तर आयएसओ-8859-1 (एका बाइटला एक अक्षर मानणारं, मराठी नसलेलं एन्कोडिंग) म्हणून वाचला जातो. गोम इथेच असावी. डेटाबेस निर्दोष वाटतो: टेबल यूटीएफ8एमबी4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8) आहे आणि थेट एसक्यूएलने घातलेली नोंद पानावर स्वच्छ दिसते.

वेब.एक्सएमएल या मांडणीच्या फाइलीत विनंतीचं एन्कोडिंग ठरवणारा सेट-कॅरेक्टर-एन्कोडिंग फिल्टर सगळ्यात वर ठेवला, तरी फरक नाही. कोणी आधीच पॅरामीटर (फॉर्ममधून आलेली किंमत) वाचला तर नंतर एन्कोडिंग बदलून उपयोग नसतो, हे ठाऊक आहे. लॉगिन टॉमकॅटच्याच फॉर्म पद्धतीचं आहे. त्याचा व्हॉल्व्ह (टॉमकॅटच्या आतला विनंती हाताळणारा टप्पा) फिल्टरच्या आधी चालतो, तोच पॅरामीटर वाचत असेल का? की फॉर्ममध्ये मुखपृष्ठाचं चित्रही जातं, त्या मल्टिपार्टमुळे (मजकूर आणि फाइल वेगवेगळ्या भागांत पाठवण्याच्या पद्धतीमुळे) हे होतंय? नेमकं कुठे लॉग लावून पाहू? लेखकांची नावं अशी विद्रूप झालेली बघवत नाहीत हो.