मनीषनगरचा फ्लॅट: ११ महिन्यांचं नोटरी ॲग्रीमेंट चालते का? अर्जंट

नागपूरकर, एडिसन:
मंडळी, फ्लॅट मिळाला एकदाचा. मागच्या मेलमध्ये लिहिलेला बेसा भागातला नाही, हा नागपुरातल्याच मनीषनगरातला, दुसरा मजला, लिफ्ट आहे, उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशन जवळ पडते. भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. आईबाबा पुढच्या शनिवारी सामान हलवून राहिले आणि आता गाडी कागदावर अडली. घरमालक ऑस्ट्रेलियात असतात, सगळं त्यांचे भाऊ पाहतात. ते म्हणतात ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, ११ महिन्यांचं आहे तर रजिस्टर कशाला, सगळे असंच करतात. बाबाही म्हणतात उगीच वाद नको घालू. ज्यांनी इथे अमेरिकेत बसून घरच्यांसाठी भाड्यानं घर घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, मला आज रात्री हो-नाही कळवायचं आहे.

खजिनदार:
नोटरीवर अजिबात करू नका. मागच्या दिवाळीतही हेच लिहिलं होतं मी. ११ महिन्यांची पळवाट महाराष्ट्रात नाहीच. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच भाड्याचा करार) लेखी आणि रजिस्टर पाहिजे, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नाही केलं तर त्यालाच ५,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. हे त्या भावांना शांतपणे समजावा, त्यांच्याच फायद्याचं आहे. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे ११ महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून, तुमची जेमतेम पाचशेच्या वर जाते. रजिस्ट्रेशनचे १,०००. एजंटचे पैसे वेगळे.

बेसावाला:
काका, कायदा बरोबर आहे हो, पण माझे सासू-सासरे तीन वर्षांपासून नोटरीवरच राहून राहिले, काही नाही झालं. आधी घरात तर जाऊ द्या त्यांना, रजिस्टर मागाहून होते. आणि भाऊ, बेसाचा फ्लॅट का सोडला? मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो सुट्टीत, शांत लेआउट आहे, समोर मोकळं मैदान, काका-काकूंना सकाळी फिरायला किती चांगलं झालं असतं.

धरमपेठची काकू:
अरे, दुसरा मजला घेतलास हे फार चांगलं केलंस. ग्राउंड फ्लोर घेऊच नये म्हाताऱ्यांसाठी, लोक गुडघ्यांपायी घेतात. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आठवते ना, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा माझी नणंद ग्राउंड फ्लोरला होती. झोपेतून पाय खाली ठेवला तर पोटरीपर्यंत पाणी. गव्हाची कोठी आडवी होऊन तरंगून राहिली होती, दोघांनी जिन्यात बसून सकाळ काढली. बेसाचं म्हणशील तर पाण्याचं नीट विचारावं लागते, काही लेआउटमध्ये उन्हाळाभर टँकरच आहे. आणि कुलरचं विचारलंस का? मे महिना तोंडावर आहे, खिडकी कुलरची आहे का ते पहा.

बेसावाला:
काकू, आमच्या लेआउटमध्ये टँकर नाही लागत, दोन बोअरवेल आहेत. सगळ्या बेसाला एकाच मापानं नका मोजू.

खजिनदार:
"काही नाही झालं" याला काही अर्थ नाही. माझ्या बाबांचंही दोन वर्षं काही नव्हतं झालं. मग बँकेत पत्ता बदलायला गेले तर नोटरीचा कागद परत केला, म्हणाले रजिस्टर्ड आणा. ४४ डिग्रीत, वयाच्या ७६ व्या वर्षी, तीन चकरा. मी इथं फोन धरून बसलेला, काहीच करता येत नव्हतं. म्हणून सांगून राहिलो, सामान चढायच्या आधी करा. मागाहून कोणीच करत नाही.

वहिनी, प्रिन्स्टन:
एक गोष्ट कोणी बोलूनच नाही राहिलं. मालक एनआरआय आहेत ना? मग टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारला भरायचा कर, बाबांनी कापायचा. ५०,००० महिन्याची सूट ती मालक भारतात राहणारा असेल तर. एनआरआय मालकाला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर सेस, त्यासाठी बाबांचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागेल. भाडं भावाच्या खात्यात टाकलं तरी घर भावाचं होत नाही, म्हणून कर कापावाच लागतो. आणि भाऊ सही कोणत्या अधिकारात करणार? मुखत्यारपत्र मागा. परदेशात केलेलं असेल तर वकिलातीचा शिक्का किंवा तिथल्या सरकारचा अपोस्टिल शिक्का लागतो, आणि ते भारतात आल्यावर तीन महिन्यांत स्टॅम्प ड्युटी भरलेली पाहिजे.

कार्यक्रम समिती:
महाराष्ट्र दिनाच्या जेवणाची फक्त ४० नावं आली आहेत. भाड्याची चर्चा कृपया वेगळी करा, लोकांचे मेल यात दबून राहिले.

धरमपेठची काकू:
नावं देऊन राहिलो आम्ही, माझी चार लिही. पण इथे नाही विचारणार तर पोरगा कुठे विचारेल?

नागपूरकर, एडिसन:
सगळ्यांचे मनापासून आभार. आमची तीन नावं लिहा. त्या रात्री भावांना फोन केला, कलम ५५ सांगितलं, दंड मालकाला आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तेच एजंट शोधायला लागले. मुखत्यारपत्र निघालं, शिक्का आणि ड्युटी दोन्ही आहे. काल एजंट रजिस्ट्रेशनसाठी अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता. बाबांचा अंगठा काही केल्या उमटेना, रेषाच पुसट झाल्या आहेत. आईनं ओल्या फडक्यानं पुसून दिला, मशीनची काच पुसली, पाचव्यांदा लागला. मी व्हिडिओ कॉलवर पाहून राहिलो होतो. टॅनचा अर्ज सीए भरतो आहे. मालकाला आयकर खात्याकडून टीडीएस कमी कापायचं सर्टिफिकेट काढायला सांगितलं, त्यांना ३० टक्के जड जाते म्हणून.

काकू, बेडरूमच्या खिडकीला ग्रिल पक्की आहे, कुलर बाहेर गॅलरीतच ठेवावा लागेल. लोखंडी स्टँड कोणाच्या घरी पडलेला असेल तर कळवा, शनिवारी ट्रक प्रतापनगरहूनच निघतो आहे, जाता जाता उचलतील.